तिसऱ्या महिन्याची घरभेट आणि पीएच.डी.चा दिवा

पीएच.डी. करून काय दिवा लावणार, असा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘सारथी’च्या अधिछात्रवृत्तीसंबंधी बोलताना विधान परिषदेत केला. त्यावर रोष पुष्कळ उसळला. परंतु अशा प्रश्नाचे खरे उत्तर कामानेच द्यावे लागते. ठाण्यापुरते एक काम येथे सुचवावयाचे आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मतेवेळी किंवा त्यानंतर लवकरच झालेली इजा. ही इजा पुढे वाढत नाही; पण उपचार लांबले तर स्नायू आखडतात आणि मेंदूची शिकण्याची पहिली मोलाची वर्षे हातची जातात. पूर्वी हे निदान बहुधा मूल एक-दोन वर्षांचे झाल्यावरच होत असे. ते सहा महिन्यांच्या आतही करता येते, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने २०१७ साली पुराव्यानिशी मांडले. त्याचा एक आधार म्हणजे हाइन्झ प्रेश्टल यांची निरीक्षणपद्धती. तीन ते पाच महिन्यांचे निरोगी बाळ जागे व शांत असताना मान, धड आणि हातपाय यांची बारीक चुळबुळ सतत करीत असते. ती चुळबुळ नसणे हा धोक्याचा ठळक इशारा होय. पुढील तपासण्या लागतातच. पण हा पहिला इशारा ओळखण्यास महागडे यंत्र नको. काही मिनिटांचे चित्रीकरण आणि शिकलेला डोळा एवढे पुरते.

आता योगायोग पाहा. २०१८ साली सुरू झालेल्या गृहाधारित बालसंगोपन कार्यक्रमात आशा सेविकेच्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात ठरलेल्या आहेत. म्हणजे पहिली भेट नेमकी त्याच काळात येते! बाळकुमच्या एखाद्या खोलीत आशाताईने मोबाइलवर चित्रण केले आणि खाडीपलीकडे कळव्याच्या महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात ते तज्ज्ञाने वाचले, तर किती बालके वेळेत सापडतील? किती मातांना विनाकारण धास्ती बसेल? आधीच ओझ्याने वाकलेल्या आशाताईला या कामाचा मोबदला काय? यांतील प्रत्येक प्रश्न पीएच.डी.चा आहे, आणि तो केवळ डॉक्टरांचा नाही, भौतिकोपचार, परिचर्या, मानसशास्त्र व समाजकार्य यांच्या विद्यार्थ्यांचाही आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले. तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले आणि पुढे ती पद्धत देशाने स्वीकारली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातील कमी वजनाच्या बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. चिकाटीचे संशोधन महाराष्ट्राला परके नाही.

कोणी म्हणेल, उपचाराची सोय नसताना निदान कशाला? आक्षेप रास्त आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरलाच झाला. बालकांच्या विकासातील अडचणी लवकर ओळखून जिल्ह्याच्या केंद्रात उपचार करण्याचे वचन त्यात आहे. सापडलेल्या प्रत्येक बालकाला त्या केंद्रात नियमित उपचार मिळालेच पाहिजेत. तसे नसेल तर निदान म्हणजे केवळ आईच्या पदरी टाकलेले दुःख. खाजगी दवाखान्यात दर आठवड्याला पैसे मोजणे श्रमिक कुटुंबाच्या आवाक्यातले नाही.

मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र बाळकुमलाच आहे. वैद्यकीय शिक्षण मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. ही भिंत ओलांडून दोन्ही विद्यापीठे, कळव्याचे महाविद्यालय आणि महापालिका यांनी संयुक्त संशोधनाच्या जागा निर्माण कराव्यात, अधिछात्रवृत्ती दरमहा वेळेवर द्यावी, निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करून आशाताईंच्या हाती ठेवावेत. २०२० साली याच बाळकुमला सुमारे हजार खाटांचे कोविड रुग्णालय काही आठवड्यांत उभे राहिले होते. इच्छा असली म्हणजे शासनयंत्रणा काय करू शकते, हे बाळकुमकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ही मागणी प्रभागाप्रभागांतून महापालिकेपर्यंत नेणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. तिसरा महिना कोणाही बाळाच्या आयुष्यात दुसऱ्यांदा येत नाही.