साखर सोडली, हिशेब मात्र अर्धाच

रक्तातल्या साखरेचा आकडा वाढला, की घरात पहिली गदा येते ती चहातल्या साखरेवर. त्यात गैर काही नाही. दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत हवी; २५ च्या आत राहिली तर अधिक बरं. साखरेऐवजी गूळ घालून पळवाट काढता येत नाही, कारण गुळातही बहुतांश साखरच असते.

घोळ होतो तो पुढे. बिनसाखरेचा चहा पिणारी हीच मंडळी चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीची बशी दोनदा भरून घेतात. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदकं असतात, तंतुमय पदार्थ मात्र एक ग्रॅमही नाहीत. खिचडी गोड लागत नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. पोटात गेल्यावर त्या स्टार्चचं ग्लुकोजच होतं.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीयांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगतात.

मग भात बंद, भाकरी सुरू? ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम लागतात, तेव्हा भाकरीची बाजू भक्कम आहे. पण त्याच पाहणीत नुसत्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आलं म्हणून मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी किंवा दुधातल्या प्रथिनांनी घेतला, तिथे तो कमी आढळला. म्हणजे तिसरी भाकरी वाढून घेण्याऐवजी मटकीच्या उसळीची वाटी दुसऱ्यांदा भरावी. प्रथिनं मिळतात आणि तंतुमय पदार्थही.

घरच्या ताटाचा असा अंदाज बांधता येतो. पाकिटाचं काय? आपल्याकडे वेष्टनावर कर्बोदकं, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर छापणं बंधनकारक आहे. तंतुमय पदार्थांचा आकडा छापण्याची सक्ती नाही. त्यामुळे मैद्याचं बिस्किट ‘शुगर फ्री’ म्हणून मिरवतं आणि त्यातला तंतूंचा दुष्काळ झाकलेला राहतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हा चौथा आकडाही सक्तीचा करावा, आणि तोही साखरेच्या आकड्याला लागूनच, तेवढ्याच ठळक अक्षरांत.