बांबूच्या बनातील निदान

बांबूच्या बनालगत शेतकऱ्याची एकाकी झोपडी. बनातून एकामागून एक हत्यारबंद माणसे बाहेर पडतात, ओणवी होऊन जनावरांसारखे पाणी पितात आणि झोपडीत शिरतात. आत सासू आणि सून जेवावयास बसल्या आहेत. घरातील एकुलता मुलगा युद्धासाठी धरून नेलेला. शिपाई प्रथम अन्नावर तुटून पडतात, नंतर त्या दोघींवर. काही वेळाने ते आले तसे बनात परत जातात आणि झोपडीतून धूर निघू लागतो. या साऱ्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीच. अत्याचाराचे भडक दर्शन टाळून दिग्दर्शकाने शिपायांचे भुकेले चेहरेच अधिक दाखविले आहेत आणि ते पाहणे अधिक अवघड जाते.

'कुरोनेको', म्हणजे काळी मांजर, हा कानेतो शिंदो यांचा १९६८ सालचा कृष्णधवल जपानी चित्रपट. त्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धेत तो निवडला गेला होता. परंतु मे महिन्यात फ्रान्समध्ये उसळलेल्या विद्यार्थी व कामगार आंदोलनामुळे महोत्सवच अर्ध्यावर गुंडाळावा लागला. शिंदो यांचा जन्म १९१२ साली हिरोशिमा प्रांतात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांना सक्तीने नौदलात भरती करण्यात आले. त्यांच्या तुकडीतील शंभर जणांपैकी अवघे सहा जण जिवंत परतले. पुढे अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या आपल्या भूमीवर त्यांनी १९५२ मध्ये 'चिल्ड्रेन ऑफ हिरोशिमा' काढला. 'कुरोनेको'चा काळ जुन्या हेइआन राजवटीचा असला, तरी शेतातून ओढून नेलेल्या माणसाचे दुःख दिग्दर्शकाने स्वतः भोगलेले आहे, हे विसरता येत नाही.

जळक्या अवशेषांत पडलेल्या दोन देहांपाशी एक काळी मांजर येते. मरतेवेळी त्या दोघींनी दुष्ट शक्तींपुढे प्रतिज्ञा केली आहे : पृथ्वीवरील प्रत्येक सामुराईचे रक्त प्राशन करू. त्यानंतर राजधानीच्या राजोमोन वेशीपाशी रात्री एक तरुणी उभी राहू लागते. घोड्यावरून जाणाऱ्या सामुराईला ती बनातून सोबत करण्याची विनंती करते, घरी नेते, मद्य देते. सकाळी त्याचा गळा फाडलेला देह सापडतो. हे घर म्हणजे केवळ आभास. भिंतींवरून बांबूच्या सावल्या अशा सरकतात, की घरच चालले आहे असे वाटावे.

जैन वाचकाला येथे एक शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. तो म्हणजे निदान. वैद्याचे रोगनिदान नव्हे. शास्त्रात माया आणि मिथ्यात्व यांच्या जोडीने तिसरे शल्य म्हणून ज्याची गणना होते, ते निदान. आपल्या साधनेचे पुण्य एखाद्या विशिष्ट फळासाठी आगाऊ गहाण टाकणे, असा त्याचा व्यवहारी अर्थ सांगता येईल. हरिभद्रसूरींच्या 'समराइच्चकहा' या प्राकृत ग्रंथाचा सारा डोलाराच अशा एका निदानावर उभा आहे. महिनामहिना उपवास करणाऱ्या अग्निशर्मा तापसाला राजा गुणसेन पारण्याचे आमंत्रण देतो आणि तीन वेळा काही ना काही कारणाने तापस उपाशीच परततो. राजाच्या मनात कपट नसते. परंतु तापसाला ते लहानपणीच्या चेष्टेचेच पुढचे पाऊल वाटते आणि भवोभवी याचा घात करीन, असे तो ठरवितो. नऊ भवांपर्यंत हे वैर चालते.

मात्र येथे एक फरक आहे आणि तो सोयीस्करपणे झाकून चालणार नाही. अग्निशर्म्याचा क्रोध गैरसमजातून पेटलेला होता. या सासू-सुनांचा तसा नाही. त्यांचा घात खरोखरच झाला आहे, दाद मागावयास कोणी नाही आणि मारेकऱ्यांच्या कमरेला राजमान्य तलवारी आहेत. ज्याचे घर जळलेले नाही त्याने त्यांना क्षमेचा उपदेश करणे फार स्वस्त ठरेल. शिंदोही तो करीत नाहीत. उलट सामुराईंचा नायक रायको याला या हत्या थांबविण्याची आज्ञा होते, तेव्हा हे भूत कोणाचे, कशापायी उठले, याची चौकशी दरबारात कोणीही करीत नाही. परंतु प्रतिज्ञेचे शब्दही पाहावेत. त्यात दोषी आणि निर्दोष असा भेद नाही, 'प्रत्येक' सामुराई आहे. द्वेषाचा करार असाच लिहिला जातो, आणि लिहिणाऱ्याला त्यातील कलमे नंतर कळतात.

ती कळण्याची वेळ लवकरच येते. सक्तीने नेलेला मुलगा हाची युद्धात शत्रूच्या सेनानीचे शिर कापून परततो. रायको त्याला सामुराई करतो, गिन्तोकी हे नवे नाव देतो. आनंदाने घरी गेलेल्या हाचीला केवळ जळके वासे दिसतात. आणि भुते मारण्याची कामगिरी नेमकी त्याच्यावर सोपविली जाते. बनातील त्या घरात तो आपल्या आईला आणि पत्नीला ओळखतो; त्याही त्याला ओळखतात. पण आता तो सामुराई आहे.

चित्रपटाचा खरा गाभा येथे आहे. सून शिगे आपल्या पतीला मारू शकत नाही. ती त्याच्यासोबत सात रात्री घालविते आणि प्रतिज्ञाभंगाची किंमत म्हणून नरकात जाते. पाहणाऱ्याला हा क्षमेचा विजय वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. तिने द्वेष सोडला तो रागापायी, पतीवरील आसक्तीपायी. एक बंधन दुसऱ्या बंधनाने तोडले. अन्य सामुराईंविषयी तिच्या मनात काही पालटले, असे चित्रपट कोठेही सुचवीत नाही. तरीही त्या सात रात्रींत एक जीव हत्येपासून परावृत्त झाला आणि त्याचे मोल तिने स्वतः चुकविले, हे कमी लेखता येणार नाही. किवाको ताइची या अभिनेत्रीने हा भाग अतिशय संयमाने उभा केला आहे.

सासू योने मात्र प्रतिज्ञेला चिकटून राहते. ही भूमिका नोबुको ओतोवा यांची. नोह नाट्याच्या संथ पदन्यासात फिरणारी ही आई मुलापुढे आली की क्षणभर केवळ आई होते आणि पुन्हा मांजर होते. अखेर मुलगा तिचा हात तोडतो. त्या हाताचा मांजराचा पंजा होतो. पूर्वी एका वीराने राजोमोनपाशी राक्षसाचा हात तोडल्याची कथा जपानमध्ये प्रसिद्ध आहे, तिचीच ही छाया. त्या वीराचे नाव वातानाबे नो त्सुना. दंतकथेत तो पराक्रम ठरतो. येथे तो हात आईचा आहे.

रायकोच्या आज्ञेने गिन्तोकी सात दिवस शुद्धीसाठी कोंडून घेतो. बाहेरून राजदरबाराची भविष्यवेत्ती म्हणून एक स्त्री येते, दार उघडावयास लावते, आपला पंजा उचलते आणि छप्पर फोडून निघून जाते. गिन्तोकी तलवार घेऊन तिच्यामागे धावतो, हवेवर वार करीत राहतो. तो जेथे कोसळतो, ती त्याच्या जळालेल्या घराचीच जागा असते. वरून बर्फ पडू लागतो आणि हळूहळू तो त्याखाली झाकला जातो.