91.75 चे उत्तर

11 फेब्रुवारी 2022. चीनमधील झांगजियाकौजवळचे गेंटिंग स्नो पार्क. बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील पुरुषांच्या हाफपाइप स्नोबोर्डिंगची अंतिम स्पर्धा सुरू होती. दुसऱ्या फेरीत जपानचा आयुमु हिरानो उतरला तेव्हा ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स 92.50 गुणांवर होता. हिरानोने पहिल्याच उडीत ट्रिपल कॉर्क 1440 मारली : चार पूर्ण गिरक्या आणि त्याच गिरक्यांमध्ये शरीर तीन वेळा तिरपे उलटे. पुढच्या चारही उड्या त्याने न पडता पुऱ्या केल्या. ऑलिंपिकच्या हाफपाइपमध्ये अशी फेरी आजवर कोणी केली नव्हती. फलकावर आकडा आला 91.75. जेम्सपेक्षा पाऊण गुण कमी.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हाफपाइप म्हणजे उतारावर बर्फात कोरलेली अर्धगोल घळ. तिच्या भिंती सुमारे सात मीटर उंच आणि माथ्याशी जवळजवळ उभ्या. खेळाडू एका भिंतीवरून वर उडतो, त्याच भिंतीवर उतरतो आणि तोच वेग घेऊन समोरच्या भिंतीकडे जातो. उडी जराशी आत झाली तर तो तळाच्या सपाटीवर आदळतो, जराशी बाहेर गेली तर भिंतीच्या काठावर. गिरक्या मोजता येतात. उंची, हाताने बोर्ड किती वेळ धरला आणि उतरताना पाय किती स्थिर होते, या तिन्ही गोष्टी मात्र काही क्षणांत डोळ्यांनीच टिपाव्या लागतात.

91.75 हा आकडा दिसताच प्रेक्षकांनी नापसंती दाखवली. अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या समालोचकाने थेट प्रक्षेपणातच परीक्षकांच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवले. तिसऱ्या फेरीत हिरानो सर्वांत शेवटी आला. त्याने त्याच पाच उड्या त्याच क्रमाने केल्या आणि 96.00 गुण मिळवले. जपानला स्नोबोर्डिंगमधले पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळाले, जेम्सला रौप्य, स्वित्झर्लंडच्या यान शेररला कांस्य. आपली शेवटची स्पर्धा खेळणारा शॉन व्हाइट चौथा आला. शेवट गोड झाला म्हणून जग ते 91.75 विसरले. आपल्यासारख्या, गुणपत्रिका हातात धरणाऱ्या परीक्षकांनी मात्र ते विसरू नये.

आधी पद्धत पाहू. गुण देणारे परीक्षक सहा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या चौघांची सरासरी काढतात. हिरानोच्या दुसऱ्या फेरीला एका टोकाला 96 आणि दुसऱ्या टोकाला 89 मिळाले. लोकांचा सगळा राग 89 वर निघाला. हे गुण तर वगळलेच गेले, मग त्यांनी काय बिघडले, असा बचाव आपणही अनेकदा ऐकतो. तो अर्धाच खरा आहे. सर्वांत खालचा आकडा वगळला जातो तेव्हा त्याच्या वरचा कमी आकडा सरासरीत टिकून राहतो. तो तळाचा परीक्षक थोडा वर असता, तर दुसरे कोणी वगळले गेले असते. गाळलेले गुणही निकालावर आपली सावली टाकून जातात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हाफपाइपमध्ये गुण ‘एकंदर प्रभावा’वर देतात. उंची, अवघडपणा, वैविध्य, सफाई आणि खेळाला पुढे नेणारे नवेपण, हे सगळे एकाच आकड्यात. त्यामुळे हा आकडा मोजमापाचा नसतो, क्रम लावणारा असतो. 91.75 याचा अर्थ ‘जेम्सच्या खाली’, एवढाच. पुढे कोणी आणखी चांगले करील म्हणून परीक्षक वर जागा राखून ठेवतात. ही सवय आपल्याही अंगवळणी पडलेली आहे. सकाळच्या पहिल्या मुलाला आपण हात राखून गुण देतो आणि संध्याकाळच्या शेवटच्या मुलाला सैल हाताने.

आता प्रश्न सव्वाचार गुणांचा. त्याच पाच उड्यांसाठी इतके जास्त गुण का? दोन उत्तरे संभवतात. तिसरी फेरी खरोखरच अधिक उंच आणि अधिक सफाईची झाली असेल. किंवा परीक्षकांनी मनातल्या मनात आधीची चूक दुरुस्त केली असेल. पहिले न्याय्य आहे, दुसरे नाही. कारण प्रत्येक फेरीचे गुण त्या फेरीचेच असायला हवेत. यातले खरे कोणते, हे निकालपत्रावरून कळत नाही. आमच्या मते खरा दोष इथे आहे. 91.75 कदाचित बरोबरही असेल, पण ते बरोबर का, हे त्या दिवशी कोणी शब्दांत सांगितले नाही.

कारण सांगितल्याने काय होते, तेही याच ऑलिंपिकमध्ये दिसले. चार दिवस आधीच स्नोबोर्डिंगच्या स्लोपस्टाइल प्रकारात कॅनडाच्या मॅक्स पॅरटला सुवर्ण मिळाले होते. एका उडीत त्याने बोर्डऐवजी गुडघा धरला होता आणि ते परीक्षकांच्या नजरेतून सुटले. मुख्य परीक्षकांनी नंतर मुलाखतीत चूक मान्य केली. आपल्यासमोर त्या क्षणाचे एकाच कोनातून चित्रण होते, असेही सांगितले. रौप्य मिळालेला चीनचा सू यीमिंग आणि त्याचे प्रशिक्षक यांनीच परीक्षकांवरची टीका थांबवा, असे आवाहन केले. कारण सांगितले की राग ओसरतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला आठवत नाही.

उपाय म्हणून जिम्नॅस्टिक्सचा रस्ता सुचवला जातो. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एका संचाचे आरंभमूल्य, म्हणजे अवघडपणावरून ठरणारे कमाल गुण, चुकीचे धरले गेले. त्यानंतर 2006 पासून अवघडपणा आणि सफाई यांचे गुण वेगळे झाले. स्नोबोर्डिंगच्या लोकांना हा रस्ता नको आहे. प्रत्येक उडीला भाव ठरला की सगळे तीच महागडी उडी मारतील आणि खेळातली शैली मरेल, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. मल्लखांबावर एखादा मुलगा दसरंगातून सुटून शांतपणे पुढची पकड घेतो, ती नजाकत कोणत्या कोष्टकात बसवणार?

म्हणून एकंदर प्रभाव राहू द्या, पण तो मुका नको. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, योगासने – आपापल्या मंचावर एवढे तरी आजच करता येईल. खेळाडू खाली उतरेपर्यंत नजर कागदावर नेऊ नका. कागदाकडे न पाहता खुणा लिहिण्याचा सराव करा. आकड्याच्या शेजारी कारणाचा एक शब्द लिहा : ‘उंची’, ‘डगमग’, ‘पकड सुटली’. शेजारच्या परीक्षकाच्या गुणांपासून आपले फार लांब गेले तर स्पर्धेनंतर एकत्र बसून ते का गेले ते बोला. गुणपत्रिका मात्र बदलू नका.

स्पर्धा संपल्यावर एखादे वडील मुलाचा हात धरून टेबलापाशी येतात आणि विचारतात, ‘‘सर, पोराचं कुठं कमी पडलं?’’ त्या क्षणी आपल्याकडे आकडा असतो, वाक्य नसते. येत्या स्पर्धेला जाताना ते वाक्य तयार ठेवा.