कारण कोणी सांगायचं?

दोस्तांनो, दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल हवं असेल तर काय करावं लागतं? आईबाबांकडे दोन दिवस हट्ट! पण मोठ्या माणसाला खरी बंदूक हवी असेल तर? ती तो कुठल्या देशात मागतो, यावर सारं अवलंबून आहे.

आधी एक सोपी गोष्ट बघू. शाळा बुडवायची असेल तर चिठ्ठीत कारण लिहावं लागतं. पण मधल्या सुट्टीत डबा खायला चिठ्ठी लागते का? नाही. उलट कुणी तुम्हाला डबा खाऊ दिला नाही, तर कारण त्यानं सांगायचं! पहिली झाली परवानगी, दुसरा झाला हक्क. बंदुकीला यातल्या कुठल्या खणात ठेवायचं, यावर जगात मोठं भांडण आहे.

अमेरिकेनं ती हक्काच्या खणात ठेवली. तो देश नुकताच इंग्रजांशी लढून स्वतंत्र झाला होता. त्या लढाईत साध्या शेतकऱ्यांची पथकं आपापल्या बंदुका घेऊन उतरली होती. म्हणून १७९१ साली तिथल्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती आली : शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर घाला येता कामा नये. हा हक्क पथकांसाठी की प्रत्येक माणसासाठी, यावर दोनशे वर्षं वाद चालला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नऊपैकी पाच न्यायाधीश म्हणाले, प्रत्येकासाठी. मात्र या हक्काला मर्यादा आहेत, हेही त्यांनी सांगितलं. न्यूयॉर्क राज्यात पिस्तूल घेऊन बाहेर पडायचं तर खास कारण दाखवावं लागे. २०२२ साली न्यायालयानं ती अटही काढून टाकली. हक्क आहे ना, मग कारण कशाला?

बंदूक बाळगणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐका बरं. ते म्हणतात, ‘आमचं घर रानात. पोलीस येईपर्यंत चोर पळून जाईल. आणि चोर थोडाच परवाना काढून येतो? कायदा पाळणारा तेवढा निःशस्त्र होईल.’ हे काही वेडगळ बोलणं नाही.

आता दुसरी बाजू. २०१७ सालच्या एका अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य लोकांकडे ३९ कोटी बंदुका होत्या. म्हणजे माणसांपेक्षा जास्त! राग तर सगळ्यांनाच येतो. पण रागाच्या क्षणी हाताशी बंदूक असली, की ‘चुकलो’ म्हणायलाही वेळ उरत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंड गावच्या शाळेत एकानं गोळीबार केला. १७ जण गेले. वाचलेली मुलं, तुमच्या ताई-दादाच्या वयाची, रडत बसली नाहीत. ती थेट आमदारांकडे गेली, त्यांनी मोर्चे काढले. महिन्याच्या आत फ्लोरिडानं बंदूक विकत घेण्याचं किमान वय १८ वरून २१ केलं.

ऑस्ट्रेलियानं मात्र बंदूक परवानगीच्या खणात ठेवली. एप्रिल १९९६ मध्ये तिथं पोर्ट आर्थर गावी एका माणसानं ३५ जणांना मारलं. अवघ्या बारा दिवसांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सगळ्या राज्यांना नव्या नियमांवर एकत्र आणलं. सरकारनं जादा कर घेऊन लोकांकडून सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या आणि मोडून टाकल्या. बंदूक हवी तर खरं कारण सांगा, असा नियम झाला. शेती, शिकार, नेमबाजी चालेल. ‘स्वतःच्या रक्षणासाठी’ हे कारण चालणार नाही. खूप शेतकरी चिडले. ‘गुन्हा एकानं केला, शिक्षा आम्हाला का?’ असं ते विचारत होते. तोही प्रश्न खराच होता. आणि कायदा कडक झाला म्हणून सगळे गुन्हे संपले, असंही नाही.

मग आपल्याकडे काय? १८७८ साली इंग्रजांनी भारतीयांना परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. गोऱ्यांना मात्र सूट! १९५९ साली स्वतंत्र भारतानं स्वतःचा कायदा केला. गोरा-काळा हा भेद गेला, परवाना राहिला. बंदूक कशाला हवी – स्वरक्षणाला, पिकाच्या राखणीला की नेमबाजीला – हे अर्जात लिहावं लागतं. पोलीस चौकशी करतात. पूर्वी एकाला तीन शस्त्रं ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीनं ती दोनच झाली. पण गंमत अशी, की परवाना नाकारला तर अधिकाऱ्यालाही त्याचं कारण लेखी नोंदवावं लागतं. म्हणजे मागणाऱ्यानंही कारण द्यायचं आणि नाकारणाऱ्यानंही!

मला विचाराल तर हेच शहाणपणाचं वाटतं. ज्या वस्तूनं दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, ती मागणाऱ्यानं कारण सांगावं. आणि ज्याच्या हाती सत्ता आहे, त्यानंही सांगावं. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही हं!

आता या आठवड्याचा उद्योग. रविवारी घरी दोन गट करा. एका गटात आई, दुसऱ्यात बाबा, मुलं वाटून घ्या. एक गट म्हणेल बंदूक हा हक्क, दुसरा म्हणेल परवानगी. दहा मिनिटं झाली की बाजू बदलायची! ज्याला दुसऱ्याची बाजूही तितक्याच जोरात मांडता आली, तो जिंकला. चहा मात्र हरणाऱ्यानं करायचा.