दारापर्यंत येऊन अडखळणारा संगणक

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जेवणे आटोपून आवराआवर चालली होती, तेवढ्यात इंदूरहून ताईचा फोन आला. आवाज रडवेला.

"अरे, आमचा कॉम्प्युटर गेला रे! पासवर्ड टाकला की नुसतं गोल गोल फिरत राहतं, मग निळा पडदा येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सकाळपासून दहा वेळा हेच चाललंय."

"दुकानात विचारलंस का?"

"विचारलं ना. तो म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल, उद्या आणून द्या, संध्याकाळी घेऊन जा. मी म्हटलं, आत आहे त्याचं काय? तर म्हणाला, ते राहणार नाही."

ताई घरगुती डबे देते. गिऱ्हाइकांचे हिशेब त्या संगणकात होते, पण ते वहीवरून पुन्हा उतरवता आले असते. तिचा जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. आमची आई चार वर्षांपूर्वी गेली. त्याच्या आदल्या दिवाळीत ताईने तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. पुढे मोबाइल बदलला आणि ओव्या संगणकात गेल्या. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

"ताई, आज त्याला हात लावू नकोस. दुकानातही नेऊ नकोस. उद्या सकाळी आपण दोघं फोनवर मिळून बघू," मी म्हटले.

वाचकहो, असा प्रसंग आज ना उद्या आपल्याही घरी येऊ शकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही काय केले, ते क्रमवार सांगतो. घरोघरी बहुधा विंडोज १० किंवा ११ असते. पुढची माहिती या दोन्हींना लागू आहे.

कुठे पडला, ते आधी पाहा

संगणक सुरू होतो तो एका दमात नव्हे, टप्प्याटप्प्याने. बटण दाबल्यावर तो आधी स्वतःचीच तपासणी करतो. स्मृती म्हणजे रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का, ते बघतो. मग डिस्कवरून विंडोज उचलतो. त्यानंतर आपले नाव आणि पासवर्ड विचारतो. पासवर्ड बरोबर असला की चौथा टप्पा सुरू होतो. आपल्या खात्याची मांडणी वाचली जाते, पडद्यावरची चित्रे चढतात आणि सुरुवातीलाच चालू व्हायला सांगितलेले सगळे प्रोग्रॅम एकदम जागे होतात.

ताईचा संगणक पासवर्डच्या पडद्यापर्यंत व्यवस्थित येत होता. म्हणजे पहिले तीन टप्पे पार पडत होते. पाहुणा रेल्वेने आला, रिक्षाने घरापर्यंत पोचला आणि उंबऱ्याला अडखळला, तर आपण दोष उंबऱ्याशी शोधतो, स्टेशनावर नाही. तसेच इथेही आहे. लॉगिननंतर कोसळणाऱ्या संगणकात बहुतेक वेळा आपल्या फाइली सुखरूप असतात. बिघाड असतो तो पडदा सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, एखाद्या आगाऊ प्रोग्रॅममध्ये, नव्या अपडेटमध्ये किंवा आपल्या खात्याच्या मांडणीत. त्यामुळे फॉरमॅट हा शेवटचा उपाय असायला हवा, पहिला नव्हे.

तीन प्रश्न

सकाळी फोनवर मी ताईला पहिला प्रश्न विचारला, "निळ्या पडद्यावर काय लिहून येतं?" हा पडदा काही क्षणच टिकतो, म्हणून मोबाइलने त्याचा फोटो काढावा. विंडोज ११ मध्ये २०२५ सालच्या बदलानंतर तो निळ्याऐवजी काळा दिसतो. त्यावर 'स्टॉप कोड' असतो आणि कधी कधी दोषी फाइलचे नावही असते. दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग होतो.

दुसरा प्रश्न असा, की संगणकाला बाहेरून काय काय जोडले आहे? ताईने प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅमेरा सगळे काढले. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा ठेवला. पुन्हा सुरू केला, पण फरक पडला नाही. याच वेळी आतला पंखा फिरतो आहे ना, जाळीत धूळ साचली नाही ना, खोका फार तापत नाही ना, हेही पाहून घ्यावे. धुळीने कोंडलेला संगणक जास्त काम पडताच स्वतःहून बंद पडतो, आणि लॉगिननंतरचे पहिले एक-दोन मिनिट हे त्याच्या धावपळीचेच असते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. शेवटचा नीट चालला त्यानंतर काय बदलले? ताई म्हणाली, "काहीच नाही." घरोघरी हेच उत्तर मिळते. मी म्हटले, "भाच्याला जरा फोन दे."

"मामा, मी काही नाही केलं," त्याने आधीच सांगून टाकले.

"अरे, मी रागवायला नाही फोन केला. डॉक्टर विचारतात ना काल काय खाल्लं होतं, तसं विचारतोय."

मग हळूहळू बाहेर आले. खेळ अडखळत होता म्हणून त्याने आदल्या रात्री कुठूनसा एक फुकटचा 'ड्रायव्हर अपडेटर' उतरवून घेतला होता. त्याने पडद्याचा ड्रायव्हर 'नवा' करून दिला होता. आईबाबांनो, मुलांवर ओरडू नका. रागाच्या भीतीने मूल गप्प बसले, की निदानाचा सर्वांत मोठा धागाच हातून जातो.

सेफ मोड: साध्या कपड्यातला संगणक

विंडोजमध्ये 'सेफ मोड' नावाची एक सोय आहे. ती विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ सालापासून चालत आली आहे. या अवस्थेत संगणक अगदी गरजेपुरत्याच गोष्टी घेऊन सुरू होतो. पडद्याचा साधा ड्रायव्हर वापरतो आणि बाकीचे बहुतेक प्रोग्रॅम बाहेर ठेवतो. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला, तर यंत्र बहुधा धड आहे आणि वर चढवलेल्या एखाद्या गोष्टीत खोट आहे, असे समजावे.

ही सोय केवळ घरगुती नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या वेळी पुष्कळ ठिकाणी तंत्रज्ञांनी संगणक सेफ मोडमध्ये सुरू केले आणि ती एक सदोष फाइल पुसून टाकली. फॉरमॅटची गरज पडली नाही.

सेफ मोडमध्ये जायचे असे. पासवर्डच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली बंद करण्याचे चिन्ह असते. कीबोर्डवरची शिफ्ट कळ दाबून धरून त्यातल्या 'रीस्टार्ट'वर क्लिक करावे. पर्यायांचा पडदा येतो. तिथे क्रमाने ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि रीस्टार्ट निवडावे. संगणक पुन्हा सुरू होताना यादी दिसते, त्यात ४ दाबले की सेफ मोड. पासवर्डचा पडदाच येत नसेल, तर सुरू होताना चिन्ह दिसताच बटण दाबून धरून संगणक बंद करावा. असे दोन-तीनदा झाले की पर्यायांचा पडदा आपोआप येतो.

दोन गोष्टी आधीच हाताशी ठेवाव्यात. सेफ मोडमध्ये कधी कधी चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. आणि बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद केलेली असते. अशा वेळी संगणक 'बिटलॉकर'ची ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती कागदावर उतरवून घ्यावी. संगणक धड असतानाच हे केलेले उत्तम.

आधी सामान बाहेर, मग दुरुस्ती

ताईचा संगणक सेफ मोडमध्ये सुरू झाला. पडदा ओबडधोबड दिसत होता, अक्षरे मोठी मोठी, पण तो कोसळला नाही. ताईला दुरुस्तीची घाई झाली.

"थांब," मी म्हटले. "आधी पेनड्राइव्ह लाव. ओव्या, फोटो, हिशेब, सगळं त्यावर उतरव. भिंतीला भेग गेली, तर गवंडी बोलावण्याआधी आपण सामान बाहेर काढतो की नाही?"

वाचकहो, या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. संगणक कुठल्याही मार्गाने पाच मिनिटे जरी चालला, तरी पहिले काम फाइलींची प्रत काढण्याचे. निदान आणि उपचार त्यानंतर.

प्रत झाल्यावर आम्ही दुरुस्तीकडे वळलो. खालच्या विंडोजच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडले. त्यात 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली असलेल्या नावाचे गुणधर्म उघडून ड्रायव्हरच्या पानावरचे 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबले. म्हणजे नवा ड्रायव्हर बाजूला आणि जुना जागेवर. संगणक पुन्हा सुरू केला, पासवर्ड टाकला. गोल फिरले, थांबले आणि ताईचा नेहमीचा पडदा समोर आला.

दोष दुसराच असेल तर

प्रत्येक घरी ड्रायव्हरच दोषी असेल असे नाही. सेफ मोडमध्ये जाऊन पुढच्या शक्यता एकेक करून तपासाव्यात. दोन बदल एकदम करू नयेत, नाही तर कशाने गुण आला ते कळत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या स्टार्टअपच्या पानावर सुरुवातीला जागे होणारे प्रोग्रॅम दिसतात. ते बंद करून पाहावेत. चालला, तर एकेक परत चालू करावा. ज्याने कोसळेल, तो चोर. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असतील, तर त्यांचेही आपसात भांडण होते. एकच ठेवावा.

विंडोजच्या नव्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्येच ते अपडेट काढण्याचा पर्याय आहे. 'सिस्टिम रिस्टोर' आधीपासून चालू असेल, तर त्याने विंडोजची मांडणी मागच्या तारखेला नेता येते. आपल्या फाइलींना त्याने धक्का लागत नाही.

घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खात्याने संगणक नीट उघडत असेल आणि तुमच्याच खात्याने कोसळत असेल, तर खात्याची मांडणी बिघडली आहे. नवे खाते तयार करून फाइली त्यात हलवाव्यात.

आणि सेफ मोडमध्येही कोसळत असेल, तर संशय यंत्रावर जातो. विंडोजच्या 'मेमरी डायग्नोस्टिक'ने रॅम तपासता येते. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. संगणक बंद करावा आणि माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे जावे.

दुकानात जाताना

इतके करून जमले नाही, तर दुकानात जाण्यात कमीपणा नाही. पण पावतीवर लिहून घ्या : 'फाइलींची प्रत काढल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' सगळे नव्याने बसवायचीच वेळ आली, तरी विंडोजच्या 'रीसेट'मध्ये वैयक्तिक फाइली ठेवण्याचा पर्याय असतो. त्यात प्रोग्रॅम जातात, फाइली राहतात. त्याबद्दल विचारा.

आणखी एक सावधगिरी. पडद्यावर 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असे झळकले, तर तो फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. कोणी दुरून संगणकाचा ताबा मागून पैसे उकळलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवा.

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आपला संगणक चालत असेल, तर विंडोज ११ वर जावे. जुना असेल, तर त्यातल्या फाइलींची प्रत काढण्यास अजिबात उशीर करू नये.

ताईने आता ओव्यांच्या तीन प्रती केल्या आहेत. एक संगणकात, एक कपाटातल्या पेनड्राइव्हवर आणि एक माझ्याकडे. त्या दिवशी संगणक सुरू झाल्यावर तिने फोन ठेवला नाही. "ऐक," एवढेच म्हणाली. पलीकडून आधी जात्याची घरघर आली आणि मग आईचा आवाज. भाचाही गप्प उभा असावा. ओवी संपल्यावर त्याने विचारले, "मामा, ही आजी का?"

त्याने तो आवाज पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला होता.