विश्लेषण : अनोळखी माणसाला तुमचा पत्ता माहीत असतो, तो कसा?

‘तुमचं नाव अमुक, पत्ता तमुक, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत.’ असा फोन आला की माणूस पार्सलपेक्षा त्या अचूक पत्त्याला जास्त घाबरतो. समोरच्याला इतके बरोबर माहीत आहे म्हणजे तो खराच पोलीस असणार, हा तर्क ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत घात करतो. तो का चुकीचा आहे, हे स्वतःच्या डिजिटल पाऊलखुणा शोधल्या की अर्ध्या तासात कळते.

सरकारी संकेतस्थळांवर काय दिसते?

पाऊलखुणा म्हटले की जुने फोटो आणि पोस्ट आठवतात. महाराष्ट्रात त्यांच्याइतकीच माहिती सरकारी नोंदींत आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव आणि क्षेत्र दिसते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ उघडली की फ्लॅट कोणी, कोणाकडून आणि कितीला घेतला तेही कळते. घराची किंमत नातेवाइकांना न सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे! मतदार यादीत वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि घर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो.

मग हे सगळे बंद करावे का? मुळीच नाही. सातबारा आणि सूची खुली आहे म्हणूनच खरेदीदाराला मालकी तपासता येते. तिला कुलूप लावले तर एकच जमीन दोघांना विकणाऱ्याचेच फावेल.

आवरायचे कुठे?

मोबाइल क्रमांकापाशी. विखुरलेल्या नोंदी एकमेकींना जोडणारा धागा तोच आहे. अनेक पेमेंट ॲपमध्ये नुसता क्रमांक टाकला तरी खातेदाराचे नाव समोर येते. आणि हा क्रमांक आपण कापडाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत सहज देऊन टाकतो. ग्राहकाने क्रमांक दिलाच पाहिजे असा आग्रह धरू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावले होते. तरीही ‘नंबरशिवाय बिल होत नाही’ हे वाक्य काउंटरवर ऐकू येतेच. मागे रांग असते, वाद नको म्हणून ग्राहक दहा आकडे सांगून मोकळा होतो. दिलेली माहिती पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी आणखी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर नकार ग्राहकालाच द्यावा लागणार.

तपासणी सोपी आहे. इन्कॉग्निटो विंडोत स्वतःचे नाव अवतरणचिन्हांत, सोबत गावाचे किंवा कॉलेजचे नाव टाकून शोधा. मग मोबाइल क्रमांक टाकून पाहा. गुगल खात्यात कोणकोणत्या ॲपना प्रवेश दिलाय ती यादी उघडा, त्यात विसरलेले दोन-चार गेम हमखास सापडतात. ‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही कळते.

हेच एकदा आई-वडिलांच्या शेजारी बसून करावे. त्यांचाच सातबारा त्यांच्याच मोबाइलवर उघडून दाखवावा, आणि कोणी पत्ता कितीही अचूक सांगितला तरी फोन ठेवून द्यायचा, हे तेव्हाच सांगावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करायची.