बाबांचं रक्त कुठं गेलं?

गेल्या महिन्यात एका सोमवारी मी हजेरी घेत होते. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, दात काढाले रक्त काऊन काढतेत?"

सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही, म्हणून मीही हसले नाही. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं, तेव्हा सगळं कळलं. तिचे बाबा आमच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला जातात. त्यांची खालची अक्कलदाढ हिरडीच्या आत आडवी अडकलेली. महिनाभर गाल सुजलेला, धड जेवण नाही, रात्रीची झोप नाही. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, दाढ हिरडी कापून काढावी लागेल, आणि त्याआधी हातातून चार नळ्या रक्त घेऊ. कशासाठी, ते काही नीट समजावून सांगितलं नाही. बाकावर शेजारी बसलेला कुणी तरी कानाशी लागला, "अरे, रक्त इकतेत हे लोक!" झालं. बाबा उठले आणि सरळ एसटी स्टँड गाठला. घरी आजीनंही त्यांचीच बाजू घेतली, की आधीच अंगात रक्त नाही, त्यात हे आणखी काढून घेतील.

आता खरं सांगू का? दाढ काढताना रक्त कशाला घेतात हे मलाही ठाऊक नव्हतं. मी आपली डी.एड. झालेली साधी शिक्षिका. यवतमाळला माझ्या ओळखीच्या एक दातांच्या डॉक्टरबाई आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेले आणि विचारून विचारून त्यांना अगदी भंडावून सोडलं. मग थोडं वाचलंही. ते सगळं आज तुम्हाला सांगते. आईबाबांनाही वाचून दाखवा बरं का.

तुम्ही खेळताना पडता, गुडघा फुटतो, रक्त येतं. पण ते वाहतच राहत नाही. पाच-सात मिनिटांत थांबतं आणि वर खपली धरते. हे कोण करतं? आपल्या रक्तातल्या रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट. डेंग्यूच्या दिवसांत मोठी माणसं म्हणतात ना, "त्याच्या पेशी कमी झाल्या", त्या याच. १८८२ साली इटलीतल्या ज्युलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं काम पाहिलं आणि रक्त थांबवण्यात त्यांचा हात आहे हे दाखवून दिलं. टाचणीच्या डोक्याएवढ्या, म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात! आयुष्य मात्र आठ-दहा दिवसांचं.

रक्तवाहिनी फाटली की या पट्टिका धावत येतात आणि भोकाशी एकमेकींना चिकटून बसतात. मग रक्तद्रवातून बारीक बारीक धागे तयार होतात. त्यांना फायब्रिन म्हणतात. आपण कापसाच्या जिल्ह्यातली माणसं, आपल्याला हे सांगायला नको. पिंजलेल्या कापसात हात घाला, धाग्यांत धागे कसे अडकलेले असतात! फायब्रिनचं जाळं तसंच असतं. त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते. पट्टिका एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांच्या पोटात काही रसायनं साठवलेली असतात, ती त्या बाहेर सोडतात. ती रसायनं आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात, की इथं पडझड झाली आहे, या, नवीन बांधकाम सुरू करा.

दात काढल्यावर हाडात जो खड्डा राहतो, त्यातही अशीच गुठळी भरते. तीच त्या खड्ड्याची पहिली मलमपट्टी. ती टिकली तर खालचं हाड झाकलेलं राहतं, आणि तिच्या आधारानं आधी मऊ मांस आणि मग महिन्यांनी हाड भरतं. ती निसटली तर? ते मी स्वतः भोगलंय. सहा वर्षांपूर्वी माझी अक्कलदाढ काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं, चोवीस तास चूळ भरायची नाही. पण तोंडाला रक्ताची चव लागत होती, म्हणून रात्री मी चारदा खळखळून चूळ भरली. वर स्वच्छता केल्याचं समाधान! तिसऱ्या दिवशी जबड्यापासून कानापर्यंत असा ठणका लागला की फळ्यावर खडू टेकवेना. गुठळी धुऊन गेली होती आणि हाड उघडं पडलं होतं. डॉक्टर याला कोरडा खड्डा म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत तो जास्त होतो, आणि तंबाखू, विडी-सिगारेट घेणाऱ्यांना आणखी जास्त.

आता डॉक्टरांना काय सुचलं बघा. गुठळीच जर एवढं काम करते, तर रुग्णाच्याच रक्तातून चांगली घट्ट, पट्टिकांनी भरलेली गुठळी बाहेर तयार करून खड्ड्यात बसवली तर? पण रक्तात तांबड्या पेशींचीच गर्दी फार. एक घन मिलिमीटरमध्ये त्या पन्नास लाखांच्या आसपास. त्यांच्यातून पट्टिका वेगळ्या कशा काढायच्या?

इथं मी वर्गाला मैदानावर नेलं. दोन छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत आपल्या काळ्या मातीचं गढूळ पाणी भरलं. एक खिडकीत ठेवली. दुसरी कापडी पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, एका उंच मुलानं गरगर फिरवली. (बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. पिशवी सुटली तर कपाळमोक्ष!) पाच मिनिटांनी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. खिडकीतली अजून गढूळच होती. फिरवलेलीच्या तळाशी गाळाचा जाड थर बसला होता आणि वरचं पाणी बरंच निवळलं होतं. फिरवल्यानं जड ते तळाला लवकर जातं. दूध संकलन केंद्रावर यंत्रात दूध फिरवून साय वेगळी काढतात, तेही याच युक्तीनं.

दवाखान्यातलं यंत्र रक्ताच्या नळ्या मिनिटाला सुमारे २७०० ते ३००० वेळा फिरवतं, दहा-बारा मिनिटं. घरातला छताचा पंखा जोरात लावला तरी मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे होतात, यावरून अंदाज करा.

१९९८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याचं हाड भरून येण्यासाठी पट्टिकांनी समृद्ध रक्तद्रव वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पण त्या पद्धतीत रक्त आधी गोठू नये म्हणून औषध घालायचं आणि नंतर गोठावं म्हणून दुसरं घालायचं, असा खटाटोप होता. २००१ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर जोसेफ शुक्रून यांनी तो सगळा काढून टाकला. रक्तात काहीही घालायचं नाही. हातातून काढलं की लगेच यंत्रात. लगेच म्हणजे अगदी दोनेक मिनिटांत, नाही तर ते नळीतच सगळं एकत्र गोठून बसतं. काचेला लागताच रक्त गोठायला लागतं आणि तेव्हाच फिरतही असतं. यंत्र थांबलं की नळीत तीन थर दिसतात. तळाला लालभडक तांबड्या पेशी, सर्वांत वर पिवळसर पाणी, आणि मधे पिवळट-पांढरी, जेलीसारखी लिबलिबीत गुठळी. हवी ती हीच. फायब्रिनच्या जाळ्यात पट्टिका आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या. डॉक्टर ती चिमट्यानं उचलतात, लाल भाग कापून टाकतात, हवी तर दाबून पातळ पडद्यासारखी करतात, आणि दाढेच्या खड्ड्यात ठेवून वरून टाके घालतात. ती निरोप देणारी रसायनं मग एकदम न संपता आठवडाभर तरी हळूहळू झिरपत राहतात. या गुठळीला प्लेटलेट रिच फायब्रिन किंवा थोडक्यात पीआरएफ म्हणतात.

म्हणजे बाबांचं रक्त बाबांच्याच तोंडात जाणार होतं! दुसऱ्याचं नाही, म्हणून दुसऱ्याचा आजार येण्याची भीती नाही आणि रक्तगट जुळवायची भानगड नाही. आणि किती रक्त? एका नळीत दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. चार नळ्यांचे आठ चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि रक्तदानाला एका वेळी ३५० मिलिलिटर देतात.

पण ही जादू नाही, तेही सांगायला हवं. अक्कलदाढ काढल्यावर होणारा कोरडा खड्डा यानं कमी होतो आणि दुखणंही थोडं कमी राहतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. खड्ड्यात हाड किती आणि किती लवकर भरतं, याबद्दल मात्र अजून सगळ्यांचं एकमत नाही. साधा हलणारा दात काढताना याची मुळीच गरज नसते. तुमच्या दुधाच्या दाताला तर नाहीच! तिथं बोट आणि जीभ घालून चाळा केला नाहीत तरी पुष्कळ. शिवाय ज्यांचं रक्त गोठण्यातच दोष आहे, किंवा जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आणि हे काही फक्त परदेशात चालतं असं नाही. आपण यवतमाळहून कळंब-देवळीवरून वर्ध्याला जातो ना, तिथंच सावंगी (मेघे) गावी शरद पवार दंत महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी पीआरएफवर काम केलंय, शोधनिबंध लिहिलेत.

हे सगळं मी त्या मुलीला फळ्यावर चित्र काढून सांगितलं. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बाबांनाही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मॅडम, हे तिथंच सांगतलं असतं तं मी कायले पळून आलो असतो?" यावर मला उत्तर सुचलं नाही. खरंच, दोन मिनिटांचं तर काम होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा गेले. या वेळी मुलगी सोबत होती. तिनं म्हणे नर्सबाईंना सांगितलं, "मले ते मधातली जेली दाखवा." आणि त्यांनी नळी उजेडात धरून दाखवलीही! दाढ निघाली. तासभर कापसाचा बोळा दाताखाली, दिवसभर गार आणि मऊ जेवण, चूळ नाही, स्ट्रॉनं पिणं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच गुळण्या. आणि खर्रा बंद. ही अट डॉक्टरांची होती, पण अंमलबजावणी मुलीची. रोज सकाळी ती वहीत एक रेघ ओढायची आणि बाबांचे खिसे तपासायची.

कोरडा खड्डा झाला नाही. सातव्या दिवशी टाके निघाले. खर्रा मात्र दहाव्या दिवशी पुन्हा खिशात सापडला. मुलीनं तो चुलीत टाकला आणि वहीत नव्या पानावर पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. परवा तिनं ते पान मला दाखवलं. सहा रेघा झाल्या होत्या.

आजीनं तिला विचारलं होतं म्हणे, "घेतलेलं रक्त वापस भेटलं का वं?"

"हो," ती म्हणाली, "दाढीतच ठेवलं."